टायर नवे घातलेस की लाकडाचे?

गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गाडीचे चारही टायर बदलले. जुने पार गोटा झाले होते, त्यामुळे इलाजच नव्हता. दुकानदार म्हणाला, "साहेब, टायर टाकताच आहात तर मॅगव्हीलही टाकून घ्या. १४ इंचांचे १५ करू, टायरही जरा रुंद बसेल. गाडीला रुबाब येईल." रुबाब आला. पुढच्याच आठवड्यात आईला घेऊन पुण्याहून कोल्हापूरला निघालो. खंबाटकी ओलांडेपर्यंत आई काही बोलली नाही. सातारा सोडल्यावर काम चाललेला रस्ता, त्यातली वळणं आणि पुलांचे सांधे सुरू झाले. कराडच्या अलीकडे मागच्या सीटवरून प्रश्न आला, "टायर नवे घातलेस की लाकडाचे?"

दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, जवळच्या पंक्चरवाल्याला बोलावून हवा तपासली. चारही चाकांत ४० पीएसआय भरली. दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर ३३ लिहिलेलं. नवा टायर रिमवर चढवताना त्याची कड नीट बसावी म्हणून जास्त दाबाची हवा मारावी लागते. ती नंतर उतरवायची असते. दुकानातल्या पोराचं तेवढं राहून गेलं होतं. पंक्चरवाल्याने हवा ३३ वर आणली आणि परतीच्या वाटेवर आईला डुलकी लागली. मात्र खोल खड्डा आला की 'धाड्' आवाज येतच होता. म्हणजे अर्धा त्रास हवेचा होता, तो पाच मिनिटांत गेला. उरलेला अर्धा मी पैसे मोजून विकत आणला होता. टायर झिजेपर्यंत तो माझ्या सोबतीला राहणार.

टायर बदलायला निघालेल्या प्रत्येकाने हे दोन अर्धे वेगळे ओळखावेत, एवढंच या लेखाचं म्हणणं आहे. कंपनी कोणती घेऊ, हा प्रश्न त्यानंतरचा.

गाडी कशावर उभी असते?

हवेचा टायर मुळात आरामासाठीच चालला. १८८८ साली बेलफास्टमधल्या जॉन बॉइड डनलॉप या जनावरांच्या डॉक्टरने आपल्या मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार आदळते म्हणून तिच्या चाकांना हवा भरलेल्या रबरी नळ्या बसवल्या आणि त्याचं पेटंट घेतलं. त्याआधी रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्येच अशी कल्पना नोंदवली होती, पण ती बाजारात रुजली नव्हती. रबर हे फक्त वेष्टन. धक्का सोसणारी उशी म्हणजे आतली हवा.

साधा हिशेब करून पाहा. माणसांसकट १,२०० किलोची गाडी असेल तर एका चाकावर सरासरी ३०० किलो भार येतो. ३३ पीएसआय म्हणजे एका चौरस सेंटिमीटरला सुमारे २.३ किलो दाब. तेव्हा प्रत्येक टायर जमिनीला टेकतो तो साधारण १३० चौरस सेंटिमीटरवर. आपलं जुनं टपालाचं पोस्टकार्ड जवळपास तेवढंच असतं. चार पोस्टकार्डांवर अख्खं कुटुंब चाललेलं असतं. हवा वाढवली की पोस्टकार्ड लहान होतं आणि उशी टणक होते. हवा कमी केली की उशी मऊ होते, पण टायरची बाजू वारंवार दुमडून तापते. म्हणून आरामासाठी स्टिकरवरच्या आकड्याच्या खाली जायचं नाही, आणि 'सगळ्यांना ३५ मार' असं पंपावर सांगून मोकळंही व्हायचं नाही.

टायर खरंच दोषी आहे का?

गाडी आदळते म्हणून टायर बदलले आणि आदळणं तसंच राहिलं, असं पुष्कळदा होतं. म्हणून खिशात हात घालण्याआधी एक रविवार तपासणीला द्या.

पहिली तपासणी हवेची. गाडी किमान तीन तास उभी असताना हवा मोजा. गेज स्वतःचा घ्या, काहीशे रुपयांत मिळतो. पंपावरच्या मशीनवर विसंबू नका. तापमान साधारण ५ ते ६ अंशांनी चढलं की हवेचा दाब १ पीएसआयने चढतो. नागपूरच्या जानेवारीतल्या पहाटेला भरलेली हवा मेच्या दुपारी पाच-सहा पीएसआयने वाढलेली दिसते ती यामुळेच. मात्र लांबून चालून आलेल्या तापलेल्या टायरमधली वाढलेली हवा काढू नका. टायर थंड झाला की ती कमी भरेल आणि पुढच्या वेळी जास्त तापेल.

दुसरी तपासणी टायरच्या झिजेची. हात फिरवा. मधला पट्टा जास्त झिजलेला असेल तर हवा कायम जास्त होती. दोन्ही कडा झिजल्या असतील तर कमी होती. एकच कड गेली असेल तर अलाइनमेंट बिघडलेली आहे. आणि तळव्याला उंचसखल, खोलगट चट्टे लागत असतील तर संशय शॉकअपवर घ्या. शॉकअप थकला की चाक रस्त्यावर उड्या मारतं आणि टायर ठिकठिकाणी खरवडला जातो. असा टायर 'घुं-घुं' असा आवाज करतो आणि बेअरिंग गेलं असं वाटतं. शॉकअप न बदलता नवे टायर घातले तर त्यांचीही काही महिन्यांत तीच गत होते.

तिसरी तपासणी चालवतानाची. विशिष्ट वेगाला, म्हणजे ८० ते १०० च्या दरम्यान, स्टिअरिंग थरथरत असेल तर आधी बॅलन्सिंग करून घ्या. गुंजारव रस्त्याच्या पृष्ठभागाप्रमाणे बदलत असेल, म्हणजे डांबरावर कमी आणि काँक्रीटवर जास्त, तर तो टायरचा. गाडी हळूच डावी-उजवीकडे झुकवल्यावर आवाज कमी-जास्त होत असेल तर बेअरिंगकडे बघा. गतिरोधकावरून हळू जाताना 'खट्खट्' होत असेल तर लिंक रॉड आणि बुश पाहून घ्या. त्यात टायरचा काही संबंध नाही.

चौथी गोष्ट टायरच्या वयाची. नक्षी शिल्लक असली तरी पाच-सहा वर्षांनी रबर उन्हातान्हाने कडक होतं. बाजूला बारीक भेगा दिसतात, आवाज वाढतो आणि ओल्या रस्त्यावर पकड ढिली पडते. घरासमोर उभ्या राहणाऱ्या, कमी चालणाऱ्या गाड्यांचे टायर झिजून नव्हे, वयाने जातात. निवृत्त झालेल्यांच्या गाड्यांत हे नेहमी दिसतं.

आकड्यांत लपलेला आराम

आता उरलेला अर्धा. टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ ८८ एच असं काहीतरी लिहिलेलं असतं. १८५ म्हणजे मिलिमीटरमध्ये रुंदी. ६५ म्हणजे टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या किती टक्के ते. आर म्हणजे रेडियल. १५ म्हणजे रिमचा व्यास, इंचांत. आरामाच्या दृष्टीने यातला सगळ्यात मोलाचा आकडा म्हणजे बाजूची, अर्थात साइडवॉलची, उंची. तीच वाकते आणि धक्का गिळते.

ती काढायला पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार पुरे. मारुती स्विफ्टच्या खालच्या मॉडेलांना १६५/८० आर १४ आणि वरच्या मॉडेलांना १८५/६५ आर १५ टायर येतात. पहिल्याची बाजू १३२ मिलिमीटर, दुसऱ्याची १२०. बलेनोमध्ये १८५/६५ आर १५ ची बाजू १२० आणि १९५/५५ आर १६ ची १०७. या जोड्यांमध्ये चाकाचा एकूण व्यास मात्र जवळपास सारखाच, ६२ सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे चाक तेवढंच राहिलं, लोखंड वाढलं आणि हवा घटली. एकेका पायरीला सेंटिमीटरभर उशी जाते. खोल खड्ड्यात रिम आणि रस्ता यांच्यामध्ये तेवढीच कमी जागा उरते, म्हणून 'धाड्' होतं. बाजूला फुगा येण्याची आणि अलॉय वाकण्याची भीतीही वाढते.

म्हणून पहिला नियम: आराम हवा असेल तर रिम मोठी करू नका. शोरूममधून आलेलं माप आंधळेपणाने बदलू नका. मोठ्या रिमचे फायदे नाहीत असं नाही. वळणावर गाडी चपळ वाटते, स्टिअरिंगला उत्तर लवकर मिळतं. पण ते फायदे चालवणाऱ्याला मिळतात आणि किंमत मागे बसणाऱ्याची कंबर मोजते.

दुसरा नियम उलट दिशेचा, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. तुमच्याकडे वरचं मॉडेल असेल आणि त्याच गाडीच्या खालच्या मॉडेलला कंपनीने एक इंच लहान रिम दिली असेल, तर टायर बदलताना त्या मापावर उतरणं हा आरामाचा सगळ्यात खात्रीचा उपाय आहे. रिम नवी घ्यावी लागते, पण लहान मापाचे टायर बहुधा स्वस्त पडतात. अट एवढीच की लहान रिम वरच्या मॉडेलच्या ब्रेकवर बसली पाहिजे. काही गाड्यांत वरच्या मॉडेलची डिस्क मोठी असते आणि रिम कॅलिपरला घासते. सर्व्हिस सेंटरमध्ये विचारून, एक चाक लावून, हाताने फिरवून पाहिल्याशिवाय पैसे देऊ नका. बोल्टची मांडणी आणि रिमचं आत-बाहेर असणंही कंपनीच्या मापाचंच हवं.

तिसरा नियम मधल्या वाटेचा. रिम तीच ठेवून टायर एक पायरी जाड घेणं अनेकजण करतात. बाजूची उंची वाढते हे खरं, पण चाकाचा एकूण व्यास ३ टक्क्यांपेक्षा जास्त बदलू देऊ नका. व्यास वाढला की स्पीडोमीटर खऱ्यापेक्षा कमी वेग दाखवतो, गाडी जड ओढते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या प्लास्टिकला घासू शकतो. त्यात रुंदी त्या रिमला पेलणारी हवी. शंका असेल तर मूळ माप बरं.

बाजूवरची बाकीची अक्षरं

८८ हा भाराचा निर्देशांक. त्याचा अर्थ एक टायर जास्तीत जास्त ५६० किलो पेलतो. ९१ असेल तर ६१५ किलो. गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्यापेक्षा कमी आकडा कधीही घेऊ नका. जास्त घेतला तर सुरक्षित, पण फुकट नाही: जास्त भाराचा टायर साधारणपणे टणक असतो. बाजूवर 'एक्स्ट्रा लोड' किंवा 'एक्सएल' लिहिलेला टायर अधिक मजबूत बांधणीचा असतो. गाडीला त्याची गरज नसेल तर तो आरामाच्या विरुद्ध जातो. विजेवर चालणाऱ्या गाड्या बॅटरीमुळे जड असतात. त्यांना कंपनीने एक्सएल सांगितलं असेल तर मात्र तेच घ्यायला हवं. हवा गेल्यावरही काही अंतर चालणारे रनफ्लॅट टायर सर्वांत टणक. काही महागड्या गाड्यांत ते आढळतात. ते काढून साधे टायर घालायचे असतील तर स्टेपनीचं काय करायचं, हे आधी ठरवा.

शेवटचं अक्षर वेगाचं. टी म्हणजे ताशी १९० किलोमीटरपर्यंत, एच २१०, व्ही २४०. आपल्याकडे मोटारींना कायद्याने जास्तीत जास्त मुभा आहे ती द्रुतगती मार्गावर ताशी १२० ची. त्यामुळे 'व्ही घ्या, जास्त चांगला' या सल्ल्याने आराम वाढत नाही. वरच्या वेगाचे टायर बहुधा अधिक ताठ असतात. कंपनीने सांगितलेल्यापेक्षा खालचं अक्षर मात्र नको.

बनवल्याची तारीख चार आकड्यांत असते. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५ वा आठवडा. सहा महिन्यांच्या आतला टायर मागा. वर्षापर्यंतचा चालेल, पण घासाघीस करून. आयएसआयचा शिक्का पाहा. मोटारीच्या टायरला तो आपल्याकडे सक्तीचा आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा बिलावरचा कराचा आकडाही एकदा नजरेखालून घाला.

आवाज, पाऊस आणि आयुष्य

आराम म्हणजे फक्त धक्के नव्हेत. पुण्याहून मुंबईला एक्सप्रेसवेने जाताना काँक्रीटवर जो सलग रुंजी घातल्यासारखा आवाज येतो, तोही थकवतो. टायरच्या नक्षीचे ठोकळे रस्त्यावर आपटत असतात. ते सगळे एका मापाचे असले तर एकाच सुरात गुणगुण ऐकू येते. म्हणून चांगल्या टायरमध्ये ठोकळ्यांची मापं मुद्दाम लहान-मोठी ठेवतात, म्हणजे सूर फुटतो आणि कान त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. दाट, बारीक नक्षीचा टायर शांत. मोठ्या ठोकळ्यांचा, रुंद खाचांचा टायर बोलका. काही महागड्या टायरमध्ये आतला घुमारा शोषायला फोमचा थर असतो. मात्र पंक्चर काढणाऱ्याला तो थर आधी खरवडावा लागतो, हे ध्यानात ठेवा.

२०२२ मध्ये केंद्र सरकारने टायर फिरताना होणारा रोध (रोलिंग रेझिस्टन्स), ओल्या रस्त्यावरची पकड आणि धावतानाचा आवाज यांच्या किमान कसोट्या ठरवून दिल्या. हे चांगलंच झालं. पण त्यातला आवाज मोजतात तो बाहेर, रस्त्याकडेला. गाडीत बसलेल्याला किती ऐकू येईल, हे त्यावरून कळत नाही. तसंच टायरच्या लेबलवरचे इंधनबचतीचे तारे आरामाबद्दल काही सांगत नाहीत. नव्या गाडीसोबत येणारे टायर अनेकदा इंधन कमी लागावं या हिशेबाने निवडलेले असतात. त्यामुळे 'कंपनीचेच टायर सर्वांत चांगले' हे आरामाला लागू पडेलच असं नाही. तिथे माप कंपनीचं ठेवा, टायरची जात तुम्ही निवडा.

जात निवडताना मऊपणा, पावसातली पकड आणि आयुष्य या तिघांची ओढाताण असते. जास्त किलोमीटर टिकणारा टायर बहुधा कडक रबराचा. नावांतच कल दिसतो. सिएटची माइलेझ, अपोलोची अमेझर ४जी लाइफ, गुडइयरची ड्युराप्लस ही नावं दीर्घायुष्याचा दावा करतात. रोज २०० किलोमीटर धावणाऱ्या टुरिस्ट गाडीला तीच परवडतात. मिशेलिनची प्रायमसी, कॉन्टिनेंटलची कम्फर्टकॉन्टॅक्ट, ब्रिजस्टोनची तुरांझा ही नावं कंपन्या आराम आणि शांतपणासाठी पुढे करतात. एमआरएफ, जेके, योकोहामा यांच्याकडेही दोन्ही बाजूंचे टायर आहेत. दुकानदाराला 'कोणती कंपनी चांगली' असं विचारण्यापेक्षा 'या कंपनीचा या मापातला सर्वांत शांत टायर कोणता आणि जास्त चालणारा कोणता' असं विचारा. उत्तर दोन वेगळ्या नावांचं आलं तर माणूस जाणकार आहे.

पावसातल्या पकडीवर मात्र तडजोड नको. आंबोली, करूळ, आंबा घाटात जुलैमध्ये उतरताना मऊ सीट उपयोगाला येत नाही. खाचा १.६ मिलिमीटर उरल्या की टायर कायद्यानेही बाद. खाचेच्या तळाशी आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की वेळ संपली असं समजा. पावसाच्या प्रदेशात तर ३ मिलिमीटरलाच विचार सुरू करावा.

तुमचा रस्ता कोणता?

मुंबईत रोजचा मार्ग पेव्हर ब्लॉक, मेट्रोची कामं आणि उड्डाणपुलांचे सांधे यांतून जात असेल तर वेग कमी आणि धक्के फार. तिथे उंच साइडवॉल आणि मऊ बांधणी यांना पहिला मान द्या. वेगाचं अक्षर गौण. नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर असा समृद्धी महामार्गाने प्रवास असेल तर गोष्ट वेगळी. तासन् तास काँक्रीट, उन्हाळ्यात तापलेलं, वेग १२० पर्यंत. तिथे शांत नक्षी आणि उष्णता सोसणारा, वयाने ताजा टायर हवा. निघण्याआधी हवा तपासण्यात हयगय अजिबात नको. टायर फुटण्यामागे बहुतेकदा कमी हवा, जास्त ओझं आणि जुनं रबर यांची युती असते. कोकणात गाव आणि गावापर्यंत जांभ्याचा कच्चा रस्ता असेल तर बाजूला चिरा पडू नयेत म्हणून थोडी जाड बाजू चांगली.

एसयूव्हीवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. 'ऑल टेरेन' टायर दिसायला दणकट असतात, पण डांबरावर आवाज करतात आणि जड असल्याने चाक रस्त्यावर जास्त आदळतं. शेतातली वाट वर्षातून चार वेळा लागत असेल तर 'हायवे टेरेन' घ्या. त्या चार वेळा जपून चालवा, उरलेलं वर्ष सुखाचं जाईल.

दुकानात उभं असताना

शक्य असेल तर चारही एकाच जातीचे घ्या. पैशांअभावी दोनच घेणार असाल तर नवे मागे लावा, गाडी पुढच्या चाकांनी ओढली जात असली तरी. पाण्यावर पुढची चाकं घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते आणि वेग कमी केला की सावरता येते. मागची घसरली तर गाडी गरकन फिरते आणि सामान्य माणसाच्या हातात काही राहत नाही.

टायर चढवताना तिथेच उभे राहा. बाजूवर फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल तर तो पुढे जाण्याच्या दिशेला आहे ना, आणि 'आउटसाइड' लिहिलेली बाजू बाहेर आहे ना, हे पाहा. उलटा चढवलेला टायर आवाज करतो आणि दोष कंपनीला लागतो. हवेची नेक, म्हणजे व्हॉल्व्ह, नवी बसवून घ्या. चारही चाकांचं बॅलन्सिंग आणि शेवटी अलाइनमेंट करून घ्या. दोन्हींचे कागद मागा. मग स्वतःचा गेज काढा आणि हवा स्टिकरवरच्या आकड्यावर आणून घ्या. चार माणसं आणि सामान घेऊन गावी जाणार असाल तर स्टिकरवर पूर्ण भारासाठी जो वेगळा आकडा असतो तो पाळा. नायट्रोजनचा आग्रह झाला तर हसून नाही म्हणायला हरकत नाही. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन आधीच असतो. भरला तर तोटा नाही, पण नायट्रोजन आहे म्हणून हवा तपासणं सोडू नका. बिलावर टायरचे क्रमांक लिहून घ्या, वॉरंटीला लागतात.

पहिले दोन-तीनशे किलोमीटर बेताने चालवा. साच्यातून सुटण्यासाठी लावलेला तेलकट थर निघून जायला तेवढा वेळ लागतो आणि तोवर पकड पुरती बसत नाही. पन्नास-शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळून घ्या. त्यापुढे दर ८ ते १० हजार किलोमीटरला चाकांची अदलाबदल आणि दर पंधरवड्याला गार टायरची हवा, एवढं केलं की नव्या टायरचा आराम शेवटपर्यंत टिकतो.

आणि एक गोष्ट. टायर घालून झाल्यावर चाचणी चालवायला जाल तेव्हा किल्ली घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या आणि तुम्ही मागे, चाकाच्या वर बसा. पुढची सीट दोन आसांच्या मध्ये असते, तिथे धक्का बोथट होऊन येतो. मागे तो थेट येतो. मी कोल्हापूरला निघण्याआधी एवढं केलं असतं तर हवा तरी वेळेवर उतरवून घेतली असती. १४ च्या जुन्या रिम मी विकल्या नाहीत. माळ्यावर गोणपाटात गुंडाळून ठेवल्या आहेत. आता गाडीला लावलेले टायर झिजले की त्या खाली उतरतील, आणि पहिली चक्कर आईला घेऊन कराडपर्यंत मारू. गाडी माझी ताई चालवेल, मी आईच्या शेजारी मागे बसेन.